आय-सानशी माझं काहीही नाही

आय-सान नावाच्या कोणत्याही बाईशी माझं कधीही, काहीही नव्हतं, हे मी सुरुवातीलाच स्पष्ट करतो. जपानातल्या आमच्या ग्योतोकुच्या भाजीवाल्यापासून सलूनवाल्यापर्यंत ज्या कुणाला खात्री करून घ्यायची असेल, त्याने खुशाल माझ्या बायकोला विचारावं. (आईला विचारू नये. ती हल्ली भलतंच सांगते.)

खरं तर या सगळ्याला जबाबदार आहे तो स्कॉटलंडमधला माझा चुलतभाऊ मिलिंद. शाळेत असताना हा माणूस आजारपणाच्या रजेचा अर्जसुद्धा माझ्या वहीतून उतरवून काढायचा. (एकदा खाली सहीपण माझीच केली होती!) आणि आता त्याचे रोज सकाळी मेसेज. ‘आज गावातल्या लायब्ररीत नवोदितांचं वाचन.’ ‘आज लेखकांची कार्यशाळा, चहा-बिस्किटं फुकट.’ ‘आमचं एवढंसं गाव रे, पण वर्षाला दोन साहित्यमेळे! इथे लिहिणाऱ्याला संधीच संधी! तुमच्याकडे काय?’

तुमच्याकडे काय! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीस वर्षं मी कविता करतोय, आणि साहित्यमेळ्यात मिरवणार कोण, तर मिलिंद!

बरं, मी संधी शोधल्या नाहीत असंही नाही. आमच्या मराठी मंडळाचा कार्यक्रम निशी-कसाईला असतो. तिथे मला कायम जेवणाच्या आधीची पाच मिनिटं मिळतात. मी ‘हे व्याकुळ क्षितिजा’ म्हणतो आणि निवेदिका माईकमध्ये तोंड घालून सांगते, ‘पुलाव उजवीकडे आहे, मुलांना आधी घ्या.’ पुढचं क्षितिज मी एकटाच ऐकतो. योकोहामाला इंग्रजीतून कविता वाचणाऱ्यांची एक बैठक भरते. तिथे प्रत्येकाला तीन मिनिटं. मी कवितेची पार्श्वभूमी सांगत होतो तेवढ्यात घंटा वाजली! हायकूवाल्यांकडेही गेलो होतो. तिथे सगळं मिळून सतरा अक्षरांत आटपायचं. शेखर गजानन कुलकर्णी, मुक्काम ग्योतोकु, एवढं सांगण्यातच माझी सतरा अक्षरं संपली.

आणि यंदा घरात आई होती. आई बहात्तर वर्षांची. तीन महिन्यांच्या व्हिसावर पुण्याहून आलेली, गुडघे दुखतात म्हणून ‘हे शेवटचंच हं’ असं विमानतळावरच जाहीर केलेली. आयुष्यात एकदा, फक्त एकदा, माझं नाव माईकवरून पुकारलेलं तिला ऐकवायचं होतं. तिच्यावर लिहिलेली कविता भरल्या सभागृहात तिच्यासमोर वाचली जावी, एवढी एकच इच्छा. ती जायला दोन आठवडे उरले होते.

आणि तेव्हाच ती जाहिरात दिसली! आमच्या वस्तीतल्या कोमिनकानमध्ये, म्हणजे तिथल्या नागरिकांच्या सार्वजनिक सभागृहात, साहित्यदिन होता. परदेशी रहिवाशांनीही आपलं लेखन पाठवावं, सोबत जपानी भाषांतर जोडावं, निवडक लेखन तिथे वाचलं जाईल आणि त्यातलं काही वार्षिक पुस्तिकेत छापलं जाईल. छापलं जाईल! मी तो कागद मेधाच्या नाकासमोर नाचवला. मेधा म्हणजे माझी बायको. ती जपानी कंपनीत काम करते आणि जपानी अशी बोलते की फोनवर लोक तिला जपानीच समजतात. माझं जपानी स्टेशन, दुकान आणि कचऱ्याचे वार यापुढे गेलेलं नाही.

“दे इकडे, मी करते भाषांतर,” ती म्हणाली.

“काही गरज नाही. कवीच्या भावना कवीलाच कळतात.”

“बरं. मग ‘आई’ला काय लिहिणार?”

इथे मी शब्दकोश उघडला आणि थक्क झालो. जपानीत स्वतःच्या आईला, लोकांसमोर तिच्याविषयी बोलताना, काय म्हणतात माहीत आहे? हाहा! चेष्टा करत नाही. हाहा! जिने नऊ महिने पोटात वाढवलं, तिला हाहा!

“माझ्या कवितेत सात वेळा आई येते,” मी गरजलो. “सात वेळा हाहा लिहू? ही कविता आहे की विनोदी नाटक?”

“मग ओकासान लिही. तेही आईच.”

“आणि ओकुसान म्हणजे बायको! एका स्वराचा फरक! मागे ऑफिसच्या पार्टीत मी तुझी ओळख आई म्हणून करून दिली होती, विसरलीस?”

“मी नाही विसरले,” मेधा म्हणाली. ज्या आवाजात म्हणाली, त्यावरून तो विषय मी तिथेच सोडला.

शेवटी मी निर्णय घेतला. ‘आई’ या शब्दाला जगात पर्याय नाही! तो जसाच्या तसा राहील! आणि मी जपानी अक्षरांत सात ठिकाणी, छान वळणदार हाताने, ‘आय’ असं लिहिलं. मेधा ते पाहून काहीतरी सांगायला आली होती. मी तिला हात दाखवून थांबवलं. आज वाटतं, तो हात मीच स्वतःच्या कानाखाली मारून घ्यायला हवा होता.

परदेशी लोकांचं जपानी तपासून द्यायला कोमिनकानमध्ये मोरिता-सान नावाच्या बाई होत्या. निवृत्त शिक्षिका, माझ्याशी बरंचसं इंग्रजीतच बोलणाऱ्या, अतिशय सभ्य, इतक्या सभ्य की तुमच्या डोक्यावर कावळा बसला तरी ‘आज हवा छान आहे ना’ म्हणतील. त्यांनी कविता वाचली, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“या आय-सान...” त्या हळूच म्हणाल्या.

मी खूश! काय ही संस्कृती! आमच्या आईलाही लगेच ‘सान’ लावलं! मोरिता-साननी मला समजावलं, की माणसाचं नाव नुसतं लिहिणं उद्धटपणाचं दिसतं, म्हणून ‘सान’ लावू, आणि अक्षरं साधी आहेत, तिथे कांजी घालू. (कांजी म्हणजे चित्रलिपी. साडीला करतात ती नव्हे.) मी म्हटलं, घाला, सढळ हाताने घाला!

“आय-सान तुमच्या... जवळच्या?”

“जगात सगळ्यात जवळच्या!”

“सो देसु का,” म्हणजे ‘असं होय’. मग त्यांनी समोरचा कागद सरळ केला. “आणि तुमच्या पत्नीला...”

“माहीत आहे म्हणजे काय! सध्या दोघी एकाच घरात आहेत. अडीच महिने झाले.”

मोरिता-साननी पेन खाली ठेवलं.

“एकाच घरात?”

“हो. स्वयंपाकघरावरून अधूनमधून उडतात खटके. पण मेधा घेते सांभाळून. मी त्या वेळी बाल्कनीत जातो.”

“ताइहेन देसु ने,” मोरिता-सान म्हणाल्या. फार कठीण आहे हो, असा त्याचा अर्थ. मला वाटलं, सासूसुनांचं दुःख जगात सगळीकडे सारखंच. मी मान डोलावली. त्यांनी माझ्याकडे जसं पाहिलं, तसं मोठा गुन्हा करून शांतपणे चहा पिणाऱ्या माणसाकडे पाहतात, हे मला तेव्हा कळलं नाही.

कविता निवडली गेली! पण दोन दिवस आधी फोन आला: वेळ कमी आहे, मूळ भाषेतलं वाचन होणार नाही, फक्त जपानी वाचलं जाईल, आणि तेही मोरिता-सान वाचतील. मी फोनवरच उसळलो. कवी जिवंत असताना कविता दुसऱ्याने वाचायची? तेही मराठी सोडून? पण नाव पुकारलं जाणार होतं आणि आईचं परतीचं तिकीट जवळ आलं होतं, म्हणून अपमान गिळला. आईला सांगितलं, “तुला बाकी काही कळणार नाही, पण आई हा शब्द आला की समज, तुझ्याविषयी चाललंय.”

“मी बोटांवर मोजीन,” आई म्हणाली.

साहित्यदिनाला आई पैठणी नेसली. खाली गुडघ्यांसाठी घेतलेले पांढरे बूट. सभागृह गच्च भरलेलं, बहुतेक मंडळी आईच्याच वयाची. आई पहिल्या रांगेत बसली, शेजारी मेधा, आणि मेधाच्या पलीकडे कुणीतरी तिशीतली, छान दिसणारी, आमच्या ओळखीची नसलेली बाई.

“आय-सानही आल्या आहेत?” मोरिता-साननी मला पडद्यामागे कुजबुजत विचारलं.

“आल्यात ना! पहिल्या रांगेत. माझ्या बायकोच्या शेजारी!”

मोरिता-साननी पडद्यातून पाहिलं. मग अध्यक्षांच्या कानात काहीतरी सांगितलं. मग अध्यक्षांनी पाहिलं. ते ज्या बाजूला पाहत होते ती आईची बाजू नव्हती, पण मला वाटलं, वय झालंय, तिरकं दिसत असेल.

माझं नाव पुकारलं गेलं! कु-रु-का-रु-नी-सान! माझा ऊर भरून आला. मी व्यासपीठावर जाऊन उभा राहिलो आणि मोरिता-सान वाचू लागल्या. त्या जे वाचत होत्या, त्यातल्या काही ओळी मराठीत अशा होत्या:

‘आई, तुझ्या मांडीवर माझी झोप अजून पडून आहे,
लग्न झालं माझं, तरी उचलून आणता आली नाही.
बायको विचारते, झोपेत कुणाचं नाव घेता?
मी म्हणतो, कुणाचं नाही. आणि तुझंच घेतो, आई.
विमानतळावर तू वळून पाहिलं नाहीस,
मला ठाऊक होतं, तू डोळे पुसत होतीस.’

आता या ओळी ‘आई’ काढून, तिथे कुठल्याही बाईचं नाव घालून वाचून बघा. बघाच!

दुसऱ्या कडव्याला पहिला रुमाल निघाला. तिसऱ्याला सगळ्या आज्ज्या रडत होत्या. आजोबा लोक बुटांकडे पाहत होते. तीस वर्षांत माझ्या कवितेवर कुणी रडलं नव्हतं, मी सोडून! मी छाती पुढे काढली. आई पहिल्या रांगेत बोटं मोजत होती, चार, पाच. आणि मेधा? मेधाचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि ती दोन्ही हात हलवून मला काहीतरी खुणावत होती. मला वाटलं, भारावली!

वाचन संपलं. टाळ्या नाहीत. नुसते उसासे. मागच्या रांगेतल्या एका आजीने येऊन मेधाचा हात हातात घेतला, तिला एक संत्रं दिलं आणि ‘गांबात्ते’, म्हणजे ‘धीर धर’, असं म्हणून डोळे पुसत गेली. दुसरीने टिश्यूचं पाकीट दिलं. आणि जाता जाता दोघींनी त्या पलीकडच्या तिशीतल्या बाईकडे असं काही पाहिलं, की ती बिचारी आपल्या ब्लाऊजवर काही सांडलंय का, ते तपासू लागली.

मेधा संत्रं घेऊन तडक व्यासपीठाच्या पायरीशी आली.

“शेखर! अरे, यांना वाटतंय आई तुझी प्रेयसी आहे!”

“काय?”

“आय म्हणजे जपानीत प्रेम! आय हे बायकांचं नाव असतं इथे, आपल्याकडे स्नेहा असतं तसं! तू भर सभेत सांगितलंयस की तुझी झोप आय-सानच्या मांडीवर आहे!”

मी मोरिता-सानकडे वळलो. आणि तेवढ्यात मोरिता-सान, डोळे टिपत, माईकवर म्हणाल्या, की आज स्वतः आय-सान आपल्यात उपस्थित आहेत. सभागृहातली प्रत्येक मान त्या तिशीतल्या बाईकडे वळली.

पण आईला तिचा एकमेव ओळखीचा शब्द ऐकू आला होता. ती उठली. पदर सारखा केला. सभागृहाकडे वळून हात जोडले आणि खणखणीत इंग्रजीत म्हणाली,

“आय अ‍ॅम आई!”

 दीडशे डोळे आईच्या पांढऱ्या केसांवरून तिच्या पांढऱ्या बुटांवर गेले आणि तिथून सावकाश माझ्यावर आले. अध्यक्ष खुर्चीत मागे रेलले.

आणि मेधाने, घाबरून, नेहमीच्या सवयीने हाक मारली, “आई, बसा! आई, बसा तुम्ही!”

झालं! बायकोही तिला नावाने ओळखते! राहतातही एकत्र!

मी माईक हिसकावला. काहीतरी करणं भाग होतं. आय-सान म्हणजे माझी आई, एवढं साधं वाक्य. ओकासान, ओकासान, ओकासान, असं मनात घोकत मी ओरडलो,

“आय-सान वा ओकुसान देसु!”

म्हणजे, आय-सान ही माझी बायको आहे!

एक आजी खुर्चीवरून घसरली. (तिला लागलं नाही. मी नंतर चौकशी केली.)

“ओकुसान मी आहे, गाढवा!” मेधा किंचाळली. “हाहा म्हण! हाहा!”

आणि मग मी, शब्दांचा पुजारी, आईकडे बोट दाखवून, भरल्या सभागृहात, माईकवर, जिवाच्या आकांताने ओरडलो, “हाहा! हाहा देसु! हाहा! हाहा!”

“आऽऽऽ!” सभागृहाचा जीव भांड्यात पडला. मग कुणीतरी फिस्सकन हसलं, मग शेजारचा, आणि मग अख्खं सभागृह पोट धरून हसायला लागलं. अध्यक्ष रुमालाने डोळे पुसत होते. मोरिता-सान माझ्यासमोर कमरेत वाकून माफी मागत होत्या आणि वाकल्या वाकल्याच हसत होत्या. ती तिशीतली बाई सगळ्यात मोठ्याने हसली. तिला हक्क होता.

एकटी आई हसत नव्हती. तिला एवढंच दिसलं होतं, की ती हात जोडून उभी राहिली आणि तिच्या पोटच्या मुलाने चारचौघांत तिच्याकडे बोट दाखवून ‘हाहा, हाहा’ केलं, आणि सगळे तिला हसले. ती खाली बसली. पदर खांद्यावरून घट्ट लपेटून घेतला. आणि मला म्हणाली, “चल घरी.”

घरापर्यंत तिने मेधाचाच हात धरला. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. जिला मिरवायला नेली, तिलाच रडवून आणली मी. दारात बूट काढताना ती म्हणाली,

“गुडघे दुखत असताना जिने चढून गेले रे मी. एवढं काय हसण्यासारखं होतं माझ्यात? पैठणी?”

“अगं आई, हाहा म्हणजे आई! जपानीत आईला हाहा म्हणतात!”

“आईला हाहा? उगाच काहीतरी सांगू नकोस.”

मेधाने शपथ घेतली. शब्दकोश दाखवला. मग तिने पहिल्यापासून सगळं सांगितलं: आय-सान, मांडी, संत्रं, सगळं. आईने शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं, आता संपलं, ही उद्याच्याच विमानाने जाते. तिने संत्रं सोलायला घेतलं.

“मग आता मराठीत वाच. काय लिहिलंयस ते मला तरी कळू दे.”

मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी उभं राहून वाचलं. माईक नाही, अध्यक्ष नाहीत.  

“मांडीवर?” आई म्हणाली. “तू? तुला मांडीवर घेतलं की लाथा झाडायचास. बाबांनी स्कूटरवरून दोन चकरा मारल्याशिवाय तुझा डोळा लागायचा नाही.”

“अगं, कविता आहे ती!”

“आणि विमानतळावर मी डोळे नव्हते पुसत. चष्मा पर्समध्ये होता, तू कुठे उभा आहेस तेच दिसेना. वळून काय बघू, खांब?”

तोंडात कोंबायला पदर नव्हता म्हणून मेधाने संत्र्याची फोड कोंबली. मी कागद घडी करायला घेतला. संपलं माझं साहित्य.

“घडी काय करतोस?” आई म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती ते अजिबात लपवत नव्हती. “परत वाच. सावकाश वाच.”

मी परत वाचलं. ती तिसऱ्यांदा वाच म्हणाली, तेव्हा मेधानेही फोड बाजूला ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोरिता-सानचा फोन. आधी दहा मिनिटं माफी. मग त्या घुटमळत म्हणाल्या, की समितीने कविता आईवरची म्हणून पुन्हा वाचून पाहिली. चांगलीच आहे. पण आईवरच्या कविता यंदा फार आल्या आहेत, त्यामुळे पुस्तिकेत जागा होणं अवघड दिसतं. मात्र आय-सानवरची म्हणून... ती सगळ्यांना फारच आवडली होती. एकमताने. तशीच ठेवली तर?

मी भडकलो! मातृप्रेमाची ही किंमत? एका काल्पनिक बाईसाठी माझ्या जन्मदात्रीला पुस्तिकेतून बाहेर काढता? मी हे सगळं मराठीत म्हणालो, कारण जपानीत एवढं येत नाही.

“काय म्हणतायत?” आईने विचारलं. मी सांगितलं.

“मग छापू दे की! तशीही ती माझ्यावर कुठे आहे? आणि विचार, सोबत फोटो हवा का. पैठणीतला देऊ.”

तेव्हा मी आवाज चढवला, आणि आईला, मराठी भाषेला आणि तीस वर्षांच्या उपेक्षेला स्मरून, मोरिता-सानना मला येतं तेवढ्या कडक जपानीत ठणकावून सांगितलं: आय-सान तर आय-सान, छापा! पण कवीचं नाव कवितेपेक्षा मोठ्या अक्षरांत हवं!